मागील तीन महिन्यांचा तपास

केस गळू लागले म्हणजे माणसाच्या मनाला जो घोर लागतो, तो क्षुल्लक मानण्याची आणि प्रसंगी त्याची थट्टा करण्याची वहिवाट आपल्या समाजात पूर्वापार चालत आली आहे. परंतु ज्या स्त्रीने रोज सकाळी फणीतील केसांचे गुंतवळ कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून मुठीत लपविले आहे, किंवा ज्या तरुणाने आपल्या कपाळाची सीमा वर्षागणिक मागे सरकताना पाहिली आहे, त्यांना या दुःखाचे वजन दुसऱ्याने सांगावे लागत नाही. अशा माणसांसाठीच मी हे लिहीत आहे. माझ्या तारुण्यात हे संकट माझ्यावर आले आणि गेले. पुढे सारा जन्म कन्याशाळेत शिकविण्यात गेल्यामुळे विद्यार्थिनी, त्यांच्या आया आणि सहकारी शिक्षिका यांच्या तोंडून याच दुःखाच्या कहाण्या मी अनेक वेळा ऐकल्या, आणि त्या साऱ्यांतून माझ्या मनाशी जे एक ठाम झाले आहे ते हे की, केस गळू लागल्यावर तेलाच्या बाटलीकडे हात जाण्यापूर्वी मागल्या तीन महिन्यांकडे दृष्टी गेली पाहिजे.

1981 सालची गोष्ट. मी कराडला एका शाळेत नुकतीच रुजू झाले होते. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. त्या वर्षी श्रावणात मला मुदतीच्या तापाने, म्हणजे ज्याला आपण टायफॉइड म्हणतो त्याने, अंथरुणाला खिळविले. ताप उतरला तेव्हा पेज आणि मऊ भात यांवाचून पोटात काही टिकत नव्हते, आणि अंगावरचे मांस झडून गेले होते. तरीही केसांना मात्र काही झालेले नव्हते. भाद्रपद गेला, नवरात्र गेले, मी शाळेत जाऊ लागले, दुखणे घरातले सगळे विसरलेही. आणि दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे आई मला तेल लावून न्हाऊ घालीत असता तिच्या बोटांबरोबर केसांच्या बटाच्या बटा निघून येऊ लागल्या. आई घाबरली, परंतु सणाच्या दिवशी डोळ्यांत पाणी नको म्हणून काही बोलली नाही. त्यानंतर उशीवर, पदरावर, शाळेच्या टेबलावर, जिथे पाहावे तिथे केस. मनगटाएवढी वेणी करंगळीएवढी झाली. माझ्यासाठी स्थळे पाहण्याचे ते दिवस होते, एवढे सांगितले म्हणजे घरात केवढी खळबळ उडाली असेल हे वाचकांच्या ध्यानात येईल.

मग उपचारांचा ओघ सुरू झाला. आईने जास्वंदीची फुले आणि माका खोबरेलात कढवून तेल केले. शेजारच्या काकूंनी कांद्याचा रस चोळण्याचा आग्रह धरला. कोणी शिकेकाईत नागरमोथा, गव्हला आणि आवळकाठी घालायला सांगितली, तर कोणी नळाच्या पाण्याला दोष दिला. हे सारे मायेपोटी होते, आणि त्यातून अपाय काही झाला नाही. अपाय झाला तो पुढे. माझी एक आत्या आठवड्याच्या बाजारातून एका विक्रेत्याचे काळपट, उग्र वासाचे तेल घेऊन आली. 'रात्री मुळाशी चोळा, सकाळपर्यंत राहू द्या, महिन्यात केस दाट,' असा त्याचा हवाला होता. बाटलीवर घटकांचा उल्लेख नव्हता आणि विचारले असता 'वनौषधी' याखेरीज उत्तर मिळालेले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टाळूला आग सुटली. संध्याकाळी कपाळ, कान आणि पापण्या सुजून डोळे मिटले, आणि डोक्यावर फोड येऊन त्यांतून लस वाहू लागली. घरात येणाऱ्या एका वृद्ध वैद्यांनी बाटलीचा वास घेताच सांगितले, 'यात बिब्बा आहे. तो उतला आहे.'

बिब्ब्याविषयी येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आजही केसांच्या गावठी तेलांतून आणि लेपांतून तो डोकावतो. हे आंबा आणि काजू यांच्याच कुळातले झाड. त्याच्या फळाच्या कवचातील काळा चीक इतका पक्का, की परीट कपड्यांवर खुणा करण्यासाठी तो वापरीत. आणि इतका दाहक, की कातडीला लागल्यावर अनेकांना फोड येतात. आयुर्वेदाने त्याला औषधांत स्थान दिले आहे, हे खरे. डोक्यावर जागोजाग गोल चट्टे पडून केस जातात, ज्याला आपण चाई म्हणतो आणि ग्रंथांत इंद्रलुप्त म्हटले आहे, त्या विकारात बिब्बा, गुंज यांसारख्या तीक्ष्ण द्रव्यांचे लेप सांगितलेले आहेत. परंतु तो उपचार शोधन केलेल्या द्रव्याचा, नेमक्या जागेपुरता आणि जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली करावयाचा. बाजारातल्या बाटलीतून सबंध डोक्याला रात्रभर फासावयाचा नव्हे. आणि मला तर चाई नव्हतीच. एका रोगाचे औषध दुसऱ्या रोगावर, तेही अशुद्ध रूपात, बेहिशेब लावले गेले. परिणाम जो व्हावयाचा तो झाला.

अण्णा मला मिरजेला एका त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी फोडांवर मलम दिले, गोळ्या दिल्या आणि मग केसांची चौकशी सुरू केली. त्यांनी डोक्याच्या निरनिराळ्या भागांतील केस चिमटीत धरून हलकेच ओढून पाहिले, गळून आलेल्या केसाचे टोक भिंगाखाली पाहिले, आणि माझ्याकडे न पाहता अण्णांना विचारले, 'अण्णासाहेब, गळती सुरू होण्याआधी तीन महिन्यांच्या सुमारास हिला काय झाले होते?' अण्णांना रोजनिशी लिहिण्याचा शिरस्ता होता. त्यात पावसाचे मान, किराण्याचा खर्च, कोणाचे दुखणे, सगळे टिपलेले असे. ती वही त्यांनी बरोबर आणली होती. श्रावणातली पाने उघडताच तापाच्या नोंदी ओळीने समोर आल्या. डॉक्टरांनी वही मिटवून परत दिली आणि म्हणाले, 'हे झाले निदान. केस परत येतील. तोवर मुलीला नीट जेवू घाला आणि डोक्याला काही चोळू नका.' परतीच्या वाटेवर अण्णा म्हणाले, 'फिर्याद आज दाखल झाली म्हणून गुन्हा आज घडला असे थोडेच असते?' सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाचे ते वाक्य मला पुढे फार उपयोगी पडले.

डॉक्टरांनी सांगितलेले आणि मी नंतर वाचून पडताळलेले शास्त्र असे. माणसाच्या डोक्यावर सुमारे 1 लाख केस असतात आणि त्यांतला प्रत्येक केस स्वतःच्या आयुष्यक्रमाने चालतो. दोन ते सहा वर्षे तो वाढतो, दोनतीन आठवडे त्याची वाढ आवरती होते, आणि सुमारे तीन महिने तो नुसता मुळाशी टेकून विश्रांती घेतो. मग गळतो आणि त्याच छिद्रातून नवा केस उगवतो. निरोगी डोक्यावर दहापैकी साडेआठ ते नऊ केस वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून रोज 50 ते 100 केस गळणे हा निसर्गाचाच हिशेब होय. परंतु कडक ताप, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, अकस्मात घटलेला आहार किंवा तीव्र मानसिक आघात असे काही घडले, की शरीर आपली शक्ती प्राणरक्षणाकडे वळविते आणि वाढीला लागलेले पुष्कळसे केस मुदतीआधीच विश्रांतीत जातात. ते लागलीच गळत नाहीत. आपले तीन महिने पुरे करतात आणि मग एकदमच गळतात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 साली या प्रकाराचे स्वतंत्र वर्णन करून त्यास नाव दिले. डेंग्यू, चिकनगुनिया यांच्यानंतर हेच होते. 2020 आणि 2021 साली करोनातून उठलेल्या असंख्य माणसांनी हेच अनुभवले. आमच्याकडील वडीलधाऱ्या बायका म्हणत, बाळ आईला ओळखून हसू लागले की आईचे केस गळू लागतात. बाळाच्या हसण्याचा त्यात काही अपराध नाही, पण तिसऱ्या महिन्याचे हे निरीक्षण त्यांनी किती अचूक केले होते!

या तीन महिन्यांच्या अंतरात लोकांच्या फसवणुकीचे सारे मूळ आहे. कारण मागे घडून गेलेले असते, म्हणून ते कोणाला आठवत नाही. आणि मूळ कारण दूर झाले असेल तर अशी गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते, म्हणून त्या सुमारास जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळते. माझे केस पुढल्या उन्हाळ्यापर्यंत परत येऊ लागले, कपाळाशी बारीक कोवळ्या केसांची झालर दिसू लागली; तेव्हा काकूंच्या मते तो कांद्याच्या रसाचा गुण होता, आईच्या मते माक्याचा, आणि आत्याने तर त्या जालीम तेलाने मुळे जागी झाली असा दाखला दिला. तिघींच्याही बोलण्यात लबाडी नव्हती. परंतु अशाच प्रामाणिक साक्षींवर बाजारातल्या तेलांचा खप चालतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. 'मला गुण आला' असे सांगणाऱ्या माणसाला एवढेच विचारावे की, गळती कशाने सुरू झाली होती आणि उपाय कितव्या महिन्यात सुरू केला.

मग घरगुती उपाय टाकाऊ आहेत काय? माझे तसे मत नाही. त्यांचे कार्यक्षेत्र मात्र ओळखून घेतले पाहिजे. खोबरेल तेलाचे घ्या. 2003 साली मुंबईतील रेले आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तीत केवळ खोबरेल केसाच्या आत शिरून धुण्याविंचरण्यात होणारी प्रथिनांची झीज लक्षणीय प्रमाणात कमी करते, असे दिसून आले. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या एका कंपनीच्याच प्रयोगशाळेत झाले होते, हेही वाचकांना ठाऊक असावे. तथापि खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसात मुरतो, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. याचा अर्थ असा की, न्हाण्याआधी लावलेले खोबरेल केस तुटू देत नाही. मुळापासून गळणाऱ्या केसाला ते अडवू शकत नाही. फणीत आलेल्या केसाच्या एका टोकाला पांढरी बारीक गाठ दिसली तर तो मुळापासून गळलेला, न दिसली तर तो मधेच तुटलेला असे समजावे. तुटणाऱ्या केसांना तेल आणि हळुवार हाताळणी पुरते, गळणाऱ्या केसांचे कारण शरीरात शोधावे लागते. ही परीक्षा घरच्या घरी करता येते आणि तिने पुष्कळ खर्च वाचतो.

कांद्याच्या रसाचा एक प्रयोग बगदाद येथे झाला व 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात रस लावलेल्या 23 रुग्णांपैकी 20 जणांचे केस सहा आठवड्यांत परत आले. हा आकडा आजकाल सर्वत्र मिरविला जातो, पण ते सारे रुग्ण चाईचे होते, प्रयोग लहान होता, आणि चाई अनेकदा आपण होऊनही भरून येते, या गोष्टी कोणी सांगत नाही. तापानंतरच्या किंवा वंशपरंपरेच्या गळतीवर त्या प्रयोगाचा आधार घेता येत नाही. माका आणि जास्वंद यांचे प्रयोग मुख्यतः उंदरांवर झालेले आहेत. त्यांचे तेल लावल्याने डोके शांत वाटते, आईचा हात डोक्यावरून फिरतो, हा लाभ मी थोडा मानीत नाही. परंतु त्यापलीकडचे वचन त्या तेलाकडून घेऊ नये. डोक्यात कोंडा असेल तर तेल दिवसचे दिवस मुरवीत ठेवू नये, कारण कोंड्याशी निगडित असलेले सूक्ष्म जंतू त्या तेलावरच पोसतात. रिठा डोळ्यांत गेला तर बुबुळाला इजा होऊ शकते, म्हणून लहान मुलींना न्हाऊ घालताना फार जपावे. आणि 'काळी मेंदी' म्हणून जी भुकटी मिळते, तिच्यापासून सावध राहावे. शुद्ध मेंदीचा रंग तांबूसच येतो, काळा रंग बहुधा पॅराफेनिलीनडायमिन या रसायनाचा असतो, आणि त्याने बिब्ब्यासारखाच अनर्थ घडलेला मी एका सहकारी शिक्षिकेच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिला आहे.

आता आहाराविषयी; कारण माझ्या शाळेतील मुलींच्या बाबतीत तरी खरे दुखणे बहुतेक वेळा येथेच सापडे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांना पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, आहे. देशातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात जे कमी आहे, ते बाहेरून चोळलेल्या कोणत्या तेलाने भरून निघणार? गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय. पण ते 12 च्या वर असूनही शरीरातील लोहाचा साठा आटलेला असू शकतो, आणि तो फेरिटिन नावाच्या तपासणीने कळतो. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची आपली रीत यासाठीच मोलाची आहे. उसळीवर लिंबू पिळावे, जेवणात आवळ्याची चटणी असावी, आणि जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घेण्याची सवय सोडावी. क जीवनसत्त्वाने अन्नातील लोह अंगी लागते आणि चहाने ते अडते. रक्त फारच उतरलेले असेल तर केवळ आहाराने भागत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पुरी मुदत घ्याव्या लागतात.

प्रथिनांचेही असेच. केस हा जवळजवळ सगळाच प्रथिनांचा बनलेला असतो. 55 किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे 45 ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यातून सहा ग्रॅम आणि वाटीभर मटकीच्या किंवा मुगाच्या उसळीतून साधारण सातआठ ग्रॅम मिळतात. या हिशेबाने आपल्या घरातील गृहिणीचे ताट तपासून पाहावे. सर्वांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरलेल्या आमटीच्या पाण्याबरोबर भात खाऊन उठणाऱ्या, वर आठवड्यातून दोन दिवस साबुदाण्यावर उपवास काढणाऱ्या माउलीचे केस का गळतात, हे विचारण्यासाठी तज्ज्ञाकडे जाण्याची गरज पडू नये. उपवासाला माझा विरोध नाही, श्रद्धेचा मला आदर आहे. परंतु साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट आहे. उपवासाच्या दिवशी दूध, दही, शेंगदाणे आणि राजगिरा यांचा वाटा वाढविला तर व्रतभंग होत नाही आणि शरीराचीही उपासमार होत नाही. झपाट्याने वजन उतरविण्यासाठी हल्लीच्या मुली जे अर्धपोटी राहतात, त्यांनाही तीन महिन्यांनी हाच हप्ता भरावा लागतो.

याच्या उलट, अधिक घेतले म्हणजे अधिक लाभ होतो हीसुद्धा मोठी भ्रांती आहे. 2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील स्त्री-पुरुषांचे आणि मुलांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टक्कल पडू लागले. प्रथम पाण्यावर संशय आला, मग साबण-शाम्पूवर, मग बुरशीवर. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास करून असा निष्कर्ष मांडला की, रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम फार वाढलेले आणि जस्त घटलेले होते, आणि ते सेलेनियम रेशनच्या गव्हातून आले होते. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यक आहे. तेच प्रमाणाबाहेर गेले म्हणजे केस आणि नखे झडतात. अ जीवनसत्त्वाचेही तसेच. केस वाढविण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत हीच द्रव्ये असतात, म्हणून आपल्यात कमतरता आहे की नाही हे ठाऊक नसता त्या मनाने घेऊ नयेत. बायोटिनची कमतरता तर सहसा आढळतच नाही. उलट त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकू शकतात, आणि कित्येक स्त्रियांच्या केसगळतीचे मूळ कारण थायरॉइडच असल्याने नेमके निदानच हुकते. बुलढाण्याच्या प्रकरणातून दुसराही बोध घ्यावा: एकाच गावात अनेकांचे केस एकाएकी गळू लागले तर लाजेने घरात न बसता ताबडतोब आरोग्य खात्याला वर्दी द्यावी.

रोजच्या राहणीत सांगण्यासारखे थोडेच आहे, पण ते महत्त्वाचे आहे. घट्ट ओढून घातलेल्या वेण्या आणि ताणून बांधलेला अंबाडा यांनी कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस हळूहळू विरळ होतात. ही ओढ वर्षानुवर्षे चालली तर ते कायमचे जातात. शाळेत दोन घट्ट वेण्यांची सक्ती करणाऱ्या मुख्याध्यापिकांशी मी या कारणावरून वाद घातला आहे आणि आजही घालीन. ओले केस फणीने ओढू नयेत, पंच्याने खसाखसा चोळू नयेत. आधी बोटांनी गुंता सोडवून मग रुंद दातांच्या फणीने टोकांकडून मुळांकडे वर वर जात विंचरावे. गळतात म्हणून न्हाणेच टाळणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. त्याने काही साधत नाही, गळावयाचे केस साठून राहतात आणि न्हाण्याच्या दिवशी एकदम येऊन अधिक भीती घालतात. झोप पुरेशी असावी हे सर्वांना ठाऊक आहे. ती मिळण्यासारखी घरची व्यवस्था असावी, एवढी पुस्ती मी जोडीन.

पुरुषांच्या टकलाविषयी दोन शब्द. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि टाळूवरून केस मागे हटत जातात, तो प्रकार वंशपरंपरेचा आणि पुरुषी संप्रेरकांचा आहे, हे अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 सालीच दाखवून दिले. तेथे तीन महिन्यांचा तपास उपयोगी नाही. तेल, रस, लेप यांनी तो थांबत नाही. मिनॉक्सिडिलसारख्या औषधाने अनेकांना लाभ होतो, परंतु तो लाभ औषध चालू असेतोवरच टिकतो आणि आरंभी काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटते, हे आधी समजून घेऊन मग डॉक्टरांच्या सल्ल्याने निर्णय करावा. ज्याला तो खटाटोप नको, त्याने टक्कल स्वीकारावे. ते वैगुण्य नव्हे.

काही लक्षणांत मात्र घरगुती तर्क करीत बसण्यास मुळीच अवकाश नाही. गोल चट्टे पडणे, टाळूची कातडी गुळगुळीत व वणासारखी होऊन छिद्रेच बुजणे, लहान मुलाच्या डोक्यात खपल्या धरून केस तुटणे, स्त्रीच्या पाळीतील अनियमितपणाबरोबर हनुवटीवर केस येणे, किंवा सहा महिने उलटूनही गळती न ओसरणे, यांपैकी काही दिसल्यास विनाविलंब त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. वण पडून बुजलेली छिद्रे पुन्हा उघडत नाहीत, म्हणून तेथे उशीर फार महाग पडतो.

ज्यांचे केस आज गळत आहेत त्यांना माझे सांगणे असे की, आज रात्रीच एक वही घ्यावी आणि गेल्या चार महिन्यांत आलेला ताप, झालेले बाळंतपण, सोडलेले जेवण, बदललेले औषध, कोसळलेले दुःख, जे जे आठवेल ते तारखेनिशी लिहून काढावे आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. कारण सापडून ते दूर झाले म्हणजे मग धीर धरावा. केस महिन्याला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे गळती थांबल्यावरही वेणीला पूर्वीचा भरदारपणा येण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि त्या काळात कोणाच्या बाटलीला भुलू नये. आणि ज्यांच्या घरात वयात आलेली मुलगी आहे, नुकतीच उठलेली बाळंतीण आहे, अशा सर्वांना कळकळीची विनंती की, तिच्या हिमोग्लोबिनची तपासणी याच आठवड्यात करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती विनामूल्य होते.